स्टेनोग्राफरची तळटीप

विल्मिंग्टनमध्ये माणसांपेक्षा कंपन्या जास्त राहतात.
एकेका पत्त्यावर हजारो,
दारावर पाटीसुद्धा नाही, नुसता टपालाचा खण.
त्यांची भांडणं मात्र खरी; ती किंग स्ट्रीटवर येतात,
आणि एकतीस वर्षं मी ती टिपली आहेत,
दोन हातांनी, बावीस कळांवर,
अर्थाच्या अर्धं पाऊल मागे राहून.

आज लॉरेन झडानोविच निवृत्त झाली.
केक होता. भाषणं झाली. कुणी आकडे वाचले:
इतके खटले, इतके अब्ज वसूल,
इतक्या संचालकांना फुटलेला घाम.
मला कुणी बोलायला सांगितलं नाही. बरोबरच आहे.
जिनं सगळं ऐकलंय
तिच्या हाती माइक कोण देईल?

तिचा पहिला युक्तिवाद मला पाठ आहे.
चौऱ्याण्णवचा नोव्हेंबर, हीटर खटखटणारा.
ती तेव्हा बँकेकडून उभी,
उसन्या जाकिटाच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या.
खंड चार, पान सत्याऐंशी:
"महोदय, शहाणा गुंतवणूकदार तळटीपा वाचतो."
जिंकली.

पुढची सगळी वर्षं त्याच माणसाची.
शहाणा गुंतवणूकदार. कायद्यानं घडवलेला.
त्याला बायको नाही, घराचा हप्ता नाही, मोतीबिंदू नाही.
दोनशे चौदा पानांचं माहितीपत्रक
तो जेवणानंतर सावकाश वाचतो,
आणि मग पुन्हा एकदा.
दोन्ही बाजूंचे वकील त्याच्या नावानं शपथा घेतात
आणि तो येत नाही.
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात;
त्यानं तेवढं पाळलं.

आला तो ऑर्विल स्टिडम.
लुईसच्या फेरीबोटीवर इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला,
ग्रीस आता नखांचाच रंग झालेलं.
साल दोन हजार अकरा. लॉरेन त्याच्या बाजूनं;
बँका सोडून तिला बराच काळ लोटला होता.
का सोडल्या, ते माझ्या नोंदीत नाही.
समोरच्या वकिलानं पान पुढे सरकवलं: तळटीप अकरा,
मुंगीच्या पायाएवढी अक्षरं.
"ही वाचली होतीत?"
ऑर्विलनं चष्मा काढला, शर्टाला पुसला, घातला.
"साहेब, इंजिनात गळती दिसली
तर मी ती बारीक अक्षरांत लिहून
टाकीखाली चिकटवत नाही.
भोंगा वाजवतो."

हशा, असं मी टिपलं.

मग लॉरेन उठली.
"महोदय, कोणताही शहाणा गुंतवणूकदार
तळटीपा वाचत नाही."
आणि थांबली.
तिनं न्यायाधीशांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं,
शेजारी ठेवायला दिलेली किल्ली
एकदम आठवावी, तसं.
सतरा वर्षांचं ते अंतर
त्या खोलीत आम्हा दोघींनाच ठाऊक.
मी मोजले. नऊ सेकंद.
माझ्या यंत्रात मौनाला कळ नाही.

तडजोड झाली. मोठा आकडा, पेपरात आला.
वकिलांची फी वगैरे जाऊन ऑर्विलच्या हाती
एकशे सोळा डॉलर चाळीस सेंट.
त्यानं आभाराचं पत्र पाठवलं, खोचक नाही, खरंच आभाराचं,
आणि घरच्या पीचच्या जॅमची बरणी.
जॅम संपला. बरणी तिच्या टेबलावर राहिली,
पेनं ठेवायला.

केक संपत आल्यावर ती माझ्या खुर्चीपाशी आली.
"पान सत्याऐंशी," म्हणाली.
"आहे."
"आणि दुसरं?"
"तेही."
"आणि मधलं ते?"
मी दोन्ही हात उघडून दाखवले.

"बरं झालं," असं काहीसं म्हणाली ती,
किंवा नुसतंच "बरं".
यंत्र बंद होतं.
शपथेवर सांगता येणार नाही.